किती आवळायचं हे सांगणारा पाना

गॅरेजच्या भिंतीवर पाने टांगलेले असतात. फिक्स पाना, रिंग पाना, बॉक्स पाना, एल पाना, रॅचेटला लावायच्या लहानमोठ्या गोट्या. या सगळ्यांचं काम एकच, नट फिरवणं. कुठे थांबायचं हे त्यातला एकही सांगत नाही. ते मिस्त्रीच्या मनगटाने ठरवायचं. ‘आता पुरे’ असं स्वतःहून सांगणारा पाना एकच, तो टॉर्क पाना. छोट्या गॅरेजात तो बहुधा प्लास्टिकच्या पेटीत, कपाटाच्या वरच्या फळीवर पडून असतो. इंजिनाचं हेड बसवायचं असलं की खाली उतरतो, काम झालं की परत वर जातो. लोअर आर्म, स्ट्रट, बुश, पाटे अशा सस्पेन्शनच्या कामाला त्याची गरज आहे असं फारसं कुणाला वाटत नाही. तिथे लांब पाना, त्यावर पाइप आणि एक जोरदार हिसका एवढ्यावर भागवलं जातं. रस्त्यातला प्रत्येक खड्डा ज्यांच्यापर्यंत पोचतो ते बोल्ट मात्र हेच.

‘जितकं टाइट तितकं सुरक्षित’ ही समजूत या हिसक्यामागे असते. ती का चुकीची आहे हे कळायला बोल्टच्या आत काय चालतं ते पाहावं लागतं. नट आवळताना सुरुवातीला तो नुसता आट्यांवरून सरकतो. टेकला की त्यापुढचं प्रत्येक फिरवणं बोल्टला लांबीत ताणतं. पोलाद थोडं ताणलं तर सोडल्यावर मूळ लांबीवर परत येतं. परत येण्याच्या या धडपडीतूनच बोल्ट दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. 12 मिलिमीटर जाडीचा, डोक्यावर 8.8 असा आकडा असलेला बोल्ट सुमारे 85 न्यूटन-मीटरला आवळला, तर तो साडेतीन टनांच्या आसपास जोराने भाग दाबून धरतो. बोल्ट आठ सेंटिमीटर लांब असला तर एवढ्यासाठी तो ताणला जातो एका मिलिमीटरच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतका. डोळ्यांना न दिसणाऱ्या एवढ्याशा ताणावर चाक जागेवर राहतं.

डोक्यावरचा आकडाही वाचण्यासारखा आहे. 8.8 मधला पहिला 8 सांगतो की हे पोलाद दर चौरस मिलिमीटरला 800 न्यूटनांना तुटतं. बिंदूनंतरचा 8 सांगतो की त्याच्या ऐंशी टक्क्यांवर, म्हणजे 640 ला, ते कायमचं लांबायला लागतं. 10.9 चा बोल्ट याहून ताकदवान. सस्पेन्शनमध्ये 10.9 सर्रास असतात. तिथे हार्डवेअरच्या दुकानातला तेवढ्याच जाडीचा साधा बोल्ट टाकला, तर टॉर्क बरोबर असूनही सांधा कच्चा राहतो. आणि 85 चा बोल्ट पाइप लावून दोनशेच्या पुढे ओढला, तर तो घट्ट झालेला नसतो, मेलेला असतो. लांबीचा तो परतीचा जोर संपलेला असतो. तो लगेच तुटेल किंवा पुढच्या घाटात तुटेल.

पाइपचा हिशेब साधा आहे. 40 सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर 85 न्यूटन-मीटर आणायला 21-22 किलोचा जोर लागतो. तोच जोर मीटरभर पाइपच्या टोकाला लावला की नटवर अडीचपट टॉर्क येतो. हाताला दोन्ही वेळा सारखंच जाणवतं. अनुभवी मिस्त्रीचा अंदाजही इथे डगमगतो, कारण अंदाज हाताला लागणाऱ्या जोराचा असतो, नटपर्यंत पोचणाऱ्या टॉर्कचा नसतो. गाडीखाली उताणं पडून, अडचणीत हात घालून केलेल्या कामात तर तोही राहत नाही.

या अंदाजाला पर्याय शोधण्याचं श्रेय न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यातल्या कॉनराड बार यांना दिलं जातं. जमिनीखालच्या नळांच्या जोडांवरचे बोल्ट कामगार गरजेपेक्षा जास्त आवळतात आणि त्यातून नुकसान होतं, ही त्यांची अडचण होती. 1918 मध्ये त्यांनी जोर मोजणारा पाना बनवला. म्हणजे हा पाना जन्मला तो कमी आवळणाऱ्यांसाठी नव्हे, जास्त आवळणाऱ्यांसाठी. मोटारींच्या जगात तो आला 1930 च्या आगेमागे, अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीतून. पॉल स्टर्टेव्हंट या विक्रेत्याने तिच्याकडून परवाना घेऊन असे पाने बनवले आणि 1938 मध्ये स्वतःचं पेटंट मिळवलं. इंजिनाच्या हेडचे सगळे बोल्ट सारखे ताणले गेले नाहीत तर गॅस्केट फुंकतं, म्हणून इंजिन बांधणाऱ्यांनी तो आधी उचलला. आपल्याकडची सवय त्याच वळणाची आहे.

त्या काळातला दांडीचा पाना आजही मिळतो. जोर लावला की मुख्य दांडी किंचित वाकते, शेजारचा बारीक काटा सरळ राहतो आणि मुठीजवळच्या पट्टीवर आकडा दाखवतो. त्यात बिघडण्यासारखं जवळजवळ काही नाही. गॅरेजात जास्त दिसतो तो ‘क्लिक’वाला. त्याच्या नळीत एक मजबूत स्प्रिंग असते. मूठ फिरवून आकडा लावला की स्प्रिंग तेवढी दाबली जाते. पान्याच्या डोक्याची आतली शेपटी आणि ती स्प्रिंग यांच्यामध्ये पोलादाचा छोटा ठोकळा उभा असतो. ठरलेला टॉर्क आला की तो कलंडतो, शेपटी नळीच्या भिंतीवर आपटते आणि ‘खट्’ असा आवाज येतो. पाना तिथे काही अंशांची ढिलाई देतो, पण अडवत नाही. आवाजानंतरही ओढत राहिलं तर नट पुढे आवळला जातोच. दोनदा-तीनदा ‘खट्’ करून खात्री करून घेण्याची सवय म्हणूनच वाईट.

एवढं असूनही या पान्याची एक मर्यादा त्याच्या चाहत्यांनी ओळखून असावी. आपल्याला हवा असतो बोल्टमधला ताण आणि पाना मोजतो नट फिरवायला लागणारा जोर. त्या जोरातला ढोबळमानाने निम्मा भाग नटाच्या बुडाशी होणाऱ्या घर्षणात जातो, चाळीस टक्के आट्यांमधल्या घर्षणात, आणि बोल्ट ताणायला उरतात जेमतेम दहा टक्के. घर्षण बदललं की सगळं गणित बदलतं. कोरड्या आट्यांसाठी दिलेले 85 न्यूटन-मीटर तेल लावलेल्या आट्यांवर वापरले, तर साडेतीन टनांऐवजी पावणेपाच टनांच्या घरात ताण येऊ शकतो. गंजलेल्या आट्यांवर उलटं होतं. पाना ‘खट्’ म्हणतो, पण जोर गंजाशी भांडण्यात संपलेला असतो आणि बोल्ट ढिलाच राहतो. चांगल्या क्लिक पान्याची स्वतःची चूक चार टक्क्यांच्या आत असली तरी बोल्टमधला ताण पाव हिश्श्याने इकडेतिकडे होऊ शकतो, तो यामुळे. तारेच्या ब्रशने आटे साफ करणं आणि मॅन्युअलमध्ये सांगितलं नसेल तर तेल-ग्रीस न लावणं हे त्या आकड्याचेच भाग आहेत.

सस्पेन्शनमध्ये याच्याही पुढची एक गोष्ट आहे. लोअर आर्म चॅसीला जिथे जोडतात तिथे रबरी बुश असतो. बाहेर लोखंडी कडी, मध्ये रबर, आत पोलादी नळी, आणि नळीतून जाणारा बोल्ट. पुष्कळांना वाटतं की हा बोल्ट बिजागरीच्या खिळ्यासारखा आहे आणि आर्म त्याच्याभोवती फिरतो. तसं नसतं. बोल्ट आवळला की ती आतली नळी ब्रॅकेटच्या दोन कानांमध्ये गच्च धरली जाते आणि फिरतच नाही. चाक वरखाली होतं तेव्हा फक्त रबराला पीळ पडतो. म्हणून बोल्ट ढिला राहिला तर नळी सरकते, ब्रॅकेटची भोकं लांबट होतात आणि स्पीड-ब्रेकरवर ‘टक्-टक्’ सुरू होते.

आता गाडी जॅकवर असताना काय होतं पाहा. चाक लोंबकळतं, आर्म खाली झुकलेला असतो. त्याच अवस्थेत बोल्ट आवळला तर नळी त्या झुकलेल्या कोनात पक्की होते. गाडी जमिनीवर आली की आर्म वर येतो आणि रबराला उभ्या गाडीतच पीळ बसतो. त्यावर खड्ड्यांचा पीळ वेगळा. नवा कोरा बुश मग बघता बघता फाटतो आणि दोष येतो पार्टला.

सातारा रस्त्यावरच्या एका गॅरेजात हे काम नीट होताना पाहायला मिळालं. हाताखालच्या पोराने नवा आर्म बसवला होता आणि दांडा घेऊन तो बोल्टवर जोर काढायच्या बेतात होता.

‘‘भाऊ, करू का फायनल टाइट?’’

‘‘गाडी हवेत आहे ना? नुसता टेकव. आधी खाली घे.’’

मिस्त्रीने काम उघडण्याआधीच चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून खडूने टायरवर लिहून ठेवलं होतं. गाडी खड्ड्यावर उतरवली, बॉनेटवर भार देऊन दोनचार वेळा दाबली, टेप पुन्हा धरली. आकडा जुळल्यावर तो खड्ड्यात उतरला. पान्याच्या मुठीच्या मधोमध हात, झटका नाही, एकसारखी ओढ. एक ‘खट्’, आणि हात बाजूला. मग पांढऱ्या रंगाची एक रेघ नटापासून ब्रॅकेटपर्यंत ओढली. नट पुढे कधी फिरला तर ती रेघ तुटलेली दिसते. ज्यांच्याकडे खड्डा नाही ते हबखाली जॅक लावून टेपवरचं तेच अंतर आणतात आणि मग आवळतात.

इतर सांध्यांचे नियम थोडे वेगळे आहेत. स्ट्रट आणि नकल जोडणाऱ्या दोन बोल्टांच्या पकडीवर बऱ्याच गाड्यांत चाकाचा तिरपेपणा टिकतो; पकड ढिली पडली की टायर एका कडेने खाल्ला जातो. बॉल जॉइंटच्या खाचांच्या नटात स्प्लिट पिन घालायची असेल आणि भोक जुळत नसेल, तर नट मागे फिरवायचा नसतो. पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा असतो. नायलॉनची कडी असलेला नट एकदा काढला की नवा घालावा. काही बोल्टांना मॅन्युअल आधी टॉर्क देतं आणि वर ‘आणखी 90 अंश फिरवा’ असं सांगतं. त्यातले बरेचसे बोल्ट लवचीकपणाच्या हद्दीपर्यंत मुद्दाम ताणलेले असतात आणि दुसऱ्यांदा वापरायचे नसतात. स्ट्रटच्या माथ्यावरच्या नटाला हवेची गन लावली तर आतला रॉड गरगर फिरून शॉकअपचं सील खराब होतं. ट्रक-बसच्या पाट्यांचे यू-बोल्ट चौकोनाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीने, पाट्यांवर भार असताना आवळायचे आणि गाडी थोडी चालल्यावर पुन्हा तपासायचे. ते ढिले राहिले तर सगळा ताण सेंटर बोल्टवर जातो; तो तुटला की अॅक्सल जागा सोडतो.

यावर ‘स्प्रिंग वायसर घातलाय, ढिला नाही पडणार’ असं उत्तर हमखास मिळतं. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 मध्ये दाखवून दिलं की बोल्ट ढिले पडतात ते मुख्यतः आडव्या हलण्यामुळे. दाबलेले दोन भाग एकमेकांवर घसरू लागले की नट आपोआप उलटा फिरायला लागतो. त्याच्या पद्धतीच्या यंत्रावर साधा स्प्रिंग वायसर फार काही वाचवू शकत नाही. घसरणं थांबवतो तो बोल्टमधला पुरेसा ताण.

मोटारींच्या कारखान्यांत हा प्रश्न यंत्रांवर सोपवलेला आहे. तिथली विजेवर चालणारी आवळणी-यंत्रं महत्त्वाच्या प्रत्येक बोल्टचा टॉर्क आणि फिरण्याचा कोन नोंदवतात. आकडा हद्दीबाहेर गेला तर ती इशारा देतात. गाडी पहिल्यांदा उघडली जाते तेव्हा ती नोंद संपते, आणि पुढचा भरवसा गॅरेजातल्या पान्यावर येतो.

त्या पान्यालाही सांभाळावं लागतं. काम झालं की स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायची. त्याने जाम नट सोडवायचा नाही. तो पडला तर तपासल्याशिवाय वापरायचा नाही. 5,000 वेळा वापरून झाल्यावर किंवा वर्ष उलटल्यावर, यातलं जे आधी होईल तेव्हा, तो पुन्हा जुळवून घ्यावा असा आंतरराष्ट्रीय मानकाचा सल्ला आहे. पुण्या-मुंबईत एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळांत हे काम होतं.

गाडीच्या मालकाने यातलं सगळं लक्षात ठेवायची गरज नाही. बुश, आर्म किंवा शॉकअप बदलायला गाडी टाकलीत तर तीन गोष्टी विचारा: या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये टॉर्क किती दिला आहे, शेवटचं आवळणं गाडी स्वतःच्या वजनावर असताना होणार आहे का, आणि नवे नट घालणार आहात का. हे नीट करायला मिस्त्रीचा थोडा जादा वेळ जातो. त्या वेळेची मजुरी त्याने बिलात लावली, तर घासाघीस न करता द्या.