पळणाऱ्याला गाणारे घड्याळ हवे का?

पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणारी मुले-मुली पहाटे गावच्या सडकेवर पळताना आपण पाहता. त्यांत आपल्याही घरचे कुणी असेल, आणि त्याने हट्टही धरला असेल : "गाणी वाजवणारे, पावले, अंतर आणि नाडी मोजणारे घड्याळ घेऊन द्या." असे घड्याळ चांगल्यापैकी घ्यायचे तर काही हजार रुपये पडतात. तेव्हा गाठीचे पैसे सोडण्यापूर्वी त्याचा उपयोग किती, हे पाहून घ्यावे.

दोन कामे, एक यंत्र

कमरेला लावून पावले मोजायचे यंत्र १९६५ साली जपानात विक्रीला आले. चालता-पळता गाणी ऐकवणारा वॉकमन १९७९ साली आला. २००६ मध्ये बुटात मोजयंत्र आणि खिशात गाणी, अशी दोघांची जोडी जमली. २०११ मध्ये मोटोरोलाने ही दोन्ही कामे करणारे, मनगटावर बांधता येणारे यंत्र काढले. आज साधा स्मार्टफोनही गाणी वाजवतो, पावले मोजतो आणि वेळ लावतो. घरात तो असेल, तर निम्मा प्रश्न तिथेच मिटला.

माप कितपत खरे?

घड्याळ हाताच्या हिसक्यांवरून पावले ओळखते. म्हणून खडबडीत वाटेवर ट्रॅक्टर चालवतानाही ते कधी कधी पावले मोजून मोकळे होते! उपग्रहाच्या खुणेवरून मोजलेले अंतर लांब सडकेवर बरेचसे बरोबर येते. पण लहान मैदानाच्या फेऱ्यांत आणि दाट झाडीत ते चुकू शकते.

भरतीला तर सेकंदाचा हिशेब. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. १६०० मीटर ५ मिनिटे २० सेकंदांत, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. यंत्राने ५० मीटर कमी-जास्त धरले की हिशेब १० सेकंदांनी चुकला. तेवढ्यात गुण हातचे जातात.

त्यापेक्षा मोजपट्टी घेऊन रहदारी नसलेल्या सरळ वाटेवर १०० मीटर मोजावे आणि दोन्ही टोकांना चुन्याच्या खुणा कराव्यात. आठ वेळा जाऊन-येऊन १६०० मीटर होतात, चार वेळा जाऊन-येऊन ८००. वळताना थोडा वेळ जातो, तेवढा ध्यानात ठेवावा. जोडीदाराने वेळ लावून दर फेरीला सेकंद ओरडून सांगावेत. नाडी पाहायची तर थांबताच १५ सेकंद ठोके मोजून त्यांना ४ ने गुणावे.

गाण्याचे काय?

गाण्याने मन रमते आणि बेताच्या चालीत थकवा कमी जाणवतो, हे खरे. पण जीव तोडून पळताना त्याचा प्रभाव ओसरतो. शिवाय जागतिक अ‍ॅथलेटिक्सच्या नियमाप्रमाणे स्पर्धेच्या मैदानात गाणी ऐकण्याचे यंत्र जवळ बाळगता येत नाही. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे याने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले. तिथे कानात गाणे नव्हते. आपला श्वास ऐकून चाल राखायची सवय सरावातच लागली पाहिजे.

सर्वांत मोठी गोष्ट जिवाची. पहाटेच्या अंधारात उसाची ट्रॉली मागून येते, एखादे कुत्रे अंगावर धावते. अशा वेळी दोन्ही कान बुजवून सडकेवर पळणे म्हणजे संकटाला आमंत्रण. मोठ्या आवाजाने कान कायमचे अधू होतात, ते वेगळेच. सडकेवर कान मोकळे ठेवावेत, आणि येणारे वाहन समोर दिसेल अशा बाजूने पळावे.

मग घ्यावे कुणी?

ज्याला एकट्याने दूरवर, सावकाश पळायचे किंवा चालायचे आहे आणि कंटाळ्यामुळे ज्याचा नेम मोडतो, त्याला असे यंत्र उपयोगी पडेल. रोजचा आकडा पाहून हुरूप येतो. गाणी मात्र बंदिस्त मैदानावर, हळू आवाजात ऐकावीत.

भरतीच्या उमेदवाराला आधी पायाला नीट बसणारे बूट द्या, पोटाला सकस खाणे द्या आणि एक साधे स्टॉपवॉच द्या. एवढे करून पैसे उरले आणि हौस असली, तर घड्याळ जरूर घ्या. त्यासाठी उसनवारी मात्र करू नका.