रेमिंग्टनचं दुसरं यंत्र

संपादकांनी मला पाठवलं होतं टाइपरायटरवर लिहायला. शिवाजीनगर कोर्टाजवळच्या एका खोलीत दुरुस्तीवाले काका तीन मेलेल्या यंत्रांतून एक जिवंत यंत्र उभं करत बसले होते. एका मॉडेलचं कॅरेज दुसऱ्याच्या सांगाड्यावर चढवताना ते म्हणाले, "ताई, बसतं खरं. पण बसलं म्हणजे चाललं असं नाही." यंत्राच्या पाठीवर नाव होतं रेमिंग्टन रँड. हेच नाव मी कुठेतरी पिस्तुलावर वाचलं होतं. घरी येऊन शोधलं, आणि टाइपरायटर बाजूला राहिला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला पॉइंट ४५ची पिस्तुलं लाखांनी हवी होती. पिस्तूल जुनंच, जॉन ब्राउनिंगच्या डोक्यातून निघालेलं, २९ मार्च १९११ रोजी सैन्याने स्वीकारलेलं आणि म्हणूनच 'एम १९११' नावाचं. विसाच्या दशकात त्यात थोडे फेरफार झाले: चाप आखूड झाला, मुठीची पाठ फुगीर झाली, घोड्याखाली हाताचं कातडं चिमटू नये म्हणून मुठीवरच्या खटक्याचं शेपूट लांबलं. नावापुढे 'ए १' लागलं. ते बनवणाऱ्या एकट्या कोल्ट कंपनीला एवढी मागणी पेलणारी नव्हती. मग कामं वाटली गेली. टाइपरायटरवाले रेमिंग्टन रँड, शॉटगनवाले इथाका, रेल्वेचे सिग्नल बनवणारे युनियन स्विच अँड सिग्नल. त्याआधी शिवणयंत्रवाल्या सिंगरकडूनही ५०० नग करून घेतले होते. आमच्या आईच्या पायाखाली खडखडणारं तेच सिंगर!

अट एकच: कोणाचाही भाग कोणाच्याही पिस्तुलात बसला पाहिजे. तपासनीस काही पिस्तुलं उचलून सुटी करत, भाग एकत्र मिसळत, पुन्हा जोडून झाडून बघत. कानस लावायची नाही. रेमिंग्टन रँड या परीक्षेत नापास झालं. १९४३ साली कारखान्यातलं उत्पादन थांबवावं लागलं, व्यवस्थापनात बदल झाले. नंतर मात्र याच कंपनीने सुमारे पावणेनऊ लाख पिस्तुलं काढली, युद्धकाळातल्या सगळ्या कारखान्यांत सर्वाधिक. त्यांतल्या बऱ्याच नळ्या तिच्या स्वतःच्या नव्हत्याच, हाय स्टँडर्ड आणि फ्लॅनरी या कंपन्यांनी पुरवलेल्या होत्या. म्हणजे पेटीतून कोरं निघालेलं पिस्तूलही पहिल्या दिवसापासून सरमिसळीचं.

या सगळ्या यंत्रात मला वेड लावलं ते एका चिमुकल्या दुव्याने. दोन भोकांची एक चपटी पट्टी, वरचं भोक नळीच्या पोटाशी पिनेने अडकलेलं, खालच्यातून स्लाइड, म्हणजे नळीवरचं सरकतं आवरण, अडवणाऱ्या खटक्याची दांडी जाते. गोळी सुटताना नळीच्या पाठीवरचे कंगोरे स्लाइडच्या खाचांत घट्ट अडकलेले असतात, म्हणून दोन्ही मिळून मागे सरकतात. गोळी बाहेर पडते, दाब ओसरतो, आणि मग हा दुवा दांडीभोवती झुलत नळीचं बूड खाली ओढतो. कंगोरे सुटतात, स्लाइड एकटी मागे जाते, रिकामं काडतूस बाहेर, नवं आत. दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर .२७८ इंच, सात मिलिमीटरच्या जेमतेम वर. बैलगाडीच्या जूला जशी शिवळ, तसा हा दुवा. हातात घेतला तर कोणी विचारणार नाही हे काय आहे म्हणून.

अडचण इथेच सुरू होते. जुन्या पिस्तुलात दुसऱ्याची नळी बसते, पण सैल बसते. मग कोणीतरी किंचित लांब दुवा घालतं, नळी वर दाबली जाते, पिस्तूल एकदम घट्ट वाटतं. पण आता नळी वेळेवर खाली येत नाही. कंगोऱ्यांच्या कडा मार खातात, नळीखालचे पाय झिजतात किंवा तुटतात. वरून काही दिसत नाही. त्याहून फसवी गोष्ट पोलादाची. पहिल्या महायुद्धातल्या स्लाइडना नंतरच्यांसारखं कठीण केलेलं नसे. मापाने ती स्लाइड १९४४च्या फ्रेमवर तंतोतंत बसते, आणि पुष्कळ गोळ्या झाडल्यावर तडकू शकते. गेजला माप कळतं, धातूचं वय कळत नाही.

नात्यातली पिस्तुलं तर आणखी गमतीची. अर्जेंटिनाने परवान्यावर बनवलेलं १९२७चं मॉडेल सख्खं भावंड, भाग बिनदिक्कत बदला. त्याच देशातलं बॅलेस्टर-मोलिना दिसायला जुळं, बनवणारे मोटारवाले. त्याची नळी आणि मॅगझिन चालतं, पण मुठीवरचा खटका मुळात नाहीच आणि चाप सरकण्याऐवजी झुलतो. कोल्टनेच १९८३ साली नव्या मालिकेत काडतुसावर आपटणाऱ्या टाचणीला अडसर घातला. ती स्लाइड जुन्या फ्रेमवर चढते, मागेपुढे सरकते, घोडा पडतो. अडसर उचलणारे तरफेचे तुकडे फ्रेममध्ये नसल्याने गोळी मात्र सुटत नाही.

१९४५नंतर सैन्याने हे पिस्तूल नवं घेतलंच नाही. १९८५ साली बेरेटाचं पिस्तूल त्याच्या जागी येईपर्यंत चाळीस वर्षं शस्त्रागारांत जुनीच सुटी करून, ट्रेमधल्या भागांनी पुन्हा जोडली गेली. ऑगस्टा, रॉक आयलंड अशा शस्त्रागारांची आद्याक्षरं फ्रेमवर ठोकलेली सापडतात. कोणाची स्लाइड कोणाच्या फ्रेमवर आहे, हे शिपायाने कधी बघितलं नाही. बघतो तो आजचा संग्राहक. त्याला रेमिंग्टनवर रेमिंग्टनच हवं, त्याच काळातली नळी, त्याच काळातला घोडा. सिंगरच्या ५००पैकी अस्सल नगाला लाख डॉलरच्या वर बोली लागते. त्यामुळे आता उलटी अदलाबदल चालते: सरमिसळ पिस्तूल घ्यायचं, 'योग्य' भाग शोधून बसवायचे, आणि ते कधी उघडलंच नव्हतं असं भासवायचं. ज्या गुणासाठी तपासनिसांनी कारखाना थांबवला, तोच गुण आता खोटेपणाला इतका सोयीचा झाला आहे की जाणकारही अडखळतात. मला शस्त्रागारातलं ते सरमिसळ पिस्तूलच जास्त प्रामाणिक वाटतं.

आठवड्याने काकांकडे परत गेले, कारण टाइपरायटरचा लेख द्यायचा होताच. तीन यंत्रांचं एक यंत्र तयार होतं. "मारून बघा," ते म्हणाले. मी माझं नाव टाइप केलं. 'र' ओळीच्या केसभर खाली पडला. काकांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि पक्कड उचलली.