खोकला बिडीचाच आहे कशावरून?



आमच्या खाप्यात कोणी म्हातारा माणूस खोकलत असला की लोक म्हणतात, "काही नाही जी, बिडीचा खोकला आहे." माझे आबाजीही असेच म्हणतात. ते तरुणपणापासून बिडी ओढतात. म्हणून मी बाईंना विचारून फुप्फुसाच्या कर्करोगाची माहिती लिहीत आहे.

आपले शरीर बारीक पेशींचे बनलेले असते. धुरातल्या विषारी द्रव्यांनी पेशी बिघडल्या की त्या उगाच वाढत जातात आणि गाठ होते. बोटात काटा रुतला तर लगेच कळते. पण फुप्फुसाच्या आत दुखणे फारसे समजतच नाही. गाठ वरच्या आवरणापर्यंत किंवा बरगडीपर्यंत गेली म्हणजे दुखते, आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

"सिगारेटपेक्षा बिडी बरी, पानाची असते ना!" हे मला मुळीच पटत नाही. तेंदूच्या पानातून हवा नीट जात नाही, म्हणून बिडी लवकर विझते. ती विझू नये म्हणून माणूस जोरात आणि पुन्हा पुन्हा झुरके घेतो. बिडीत तंबाखू थोडा असला तरी विषारी धूर भरपूर आत जातो. सिगारेट आणि या रोगाचा संबंध इंग्लंडच्या डॉल आणि हिल या शास्त्रज्ञांनी १९५० सालीच दाखवला होता. शेजारी बसणाऱ्यालाही हा धूर बाधतो. घरात दगडी कोळशाची शेगडी पेटवली तर तो धूरही वाईटच. म्हणून ज्या बायांनी कधी बिडीला हात लावला नाही, त्यांनाही हा रोग होऊ शकतो.

आता मुख्य गोष्ट. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असला की सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. क्षयाची ही तपासणी आणि औषध दोन्ही फुकट असतात. पण "क्षय नाही निघाला" म्हणून खुशीत घरी येऊन बसायचे नाही! खोकला, थुंकीत रक्त, वजन घटणे, दम लागणे हे दोन्ही रोगांत असते. एक्स-रेवरचा डागसुद्धा सारखाच दिसू शकतो. म्हणून क्षयाचे औषध चालू असून उतार पडत नसेल, जुन्या खोकल्याचा ढंग बदलला असेल किंवा आवाज बसून राहिला असेल, तर डॉक्टरांना "कर्करोग तर नाही ना?" असे स्पष्ट विचारावे. मग सीटी स्कॅन करतात आणि गाठीचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यावरून नक्की कळते. गाठ लहान असताना सापडली तर ऑपरेशनने काढता येते.

आपल्याकडून नागपूरचे मेडिकल जवळ आहे. तिथेच राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयही आहे. स्वतः महाराज १९६८ साली कर्करोगानेच गेले. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, तेव्हा रोग्याचे ताटवाटी वेगळे करू नये.

"आता या वयात बिडी सोडून काय होते?" असे आबाजी विचारतात. होते! सोडून दहा वर्षे झाली की या रोगाचा धोका ओढत राहणाऱ्याच्या निम्म्यावर येतो. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या नंबरवर फोन करावा. फोनला पैसे पडत नाहीत.

— इयत्ता ७ वी