चकतीचा तोल

रायगडाच्या पायथ्याशी पाचाड हे गाव आहे. राजमाता जिजाबाईंची समाधी येथेच आहे आणि त्यांच्या वाड्याचे अवशेषही येथे पाहावयास मिळतात. या गावच्या मोकळ्या माळावर उभे राहून एखाद्या मुलाने रिकाम्या डब्याचे झाकण मनगटाला झटका देऊन भिरकावले, तर ते काही अंतर हवेवर तरंगत जाते. तेच झाकण त्याने फिरकी न देता नुसते पुढे ढकलले, तर ते दोन-चार हातांवरच कोलांट्या खात खाली पडते. झाकण तेच, हात तोच, वाराही तोच. मग हा फरक कशाने पडला?

याचे उत्तर तुमच्या भोवऱ्यात आहे. भोवरा फिरत असेपर्यंत आरेवर ताठ उभा राहतो. फिरकी संपली की तो आडवा होतो. वेगाने फिरणारी वस्तू आपल्या आसाची दिशा सहजासहजी सोडत नाही, हा निसर्गाचा नियम आहे. चकती हवेतून जाताना खालची हवा तिला उचलून धरते. परंतु हा जोर पुढच्या भागावर अधिक पडतो आणि चकतीला उलटवू पाहतो. फिरकी असेल, तर चकती या जोराला दाद देत नाही. फिरकी मंदावली, म्हणजे ती हळूहळू एका कुशीवर कलते आणि खाली उतरते.

या गुणावर परदेशात एक खेळच उभा राहिला आहे. अमेरिकेत फ्रेड मॉरिसन या गृहस्थांनी 1948 साली एका सहकाऱ्याच्या साहाय्याने प्लास्टिकची उडती चकती तयार केली. पुढे 1975 साली कॅलिफोर्नियातील एका उद्यानात चकती-गोल्फचे पहिले कायमचे मैदान आखले गेले. गोल्फमध्ये चेंडू खळग्यात घालावयाचा असतो; या खेळात चकती साखळ्या लावलेल्या टोपलीत टाकावयाची असते. जो कमीत कमी फेकींत सर्व टोपल्या पुऱ्या करील, तो जिंकतो. अधिकृत स्पर्धांत प्लास्टिकच्याच चकत्या चालतात. परंतु काही हौशी कारागीर लेथवर लाकूड कातून अशा चकत्या स्वतः बनवतात. त्या कशा बनतात, ते पाहण्यासारखे आहे.

लाकूड कातण्याची कला आपणांस नवी नाही. कातकाम करणाऱ्या कारागिराला आपल्याकडे कातारी म्हणतात. भोवरा, लाटणे, पाळण्याचे गोल खांब ही सारी कातकामाचीच रूपे होत. सावंतवाडीची लाकडी खेळणी प्रसिद्धच आहेत. पूर्वी कातारी दोरीच्या साहाय्याने लाकूड मागेपुढे फिरवीत असे. त्यामुळे लाकूड हत्याराच्या दिशेने फिरे तेवढ्यापुरतेच कातले जाई. आजच्या विजेच्या लेथवर लाकूड एकाच दिशेने अखंड फिरते.

चकतीसाठी प्रथम लाकूड निवडावे लागते. ते हलके, सरळ तंतूंचे आणि न वाकणारे हवे. कोकणात मिळणारे शिवणीचे लाकूड या कामास चांगले. परंतु ते पुरते वाळलेले असले पाहिजे. लाकूड वाळताना तंतूंच्या आडव्या दिशेने आकसते; तंतूंच्या लांबीत मात्र जवळजवळ आकसत नाही. म्हणून ओल्या लाकडाची आज गोल कातलेली चकती काही दिवसांनी लंबगोल झालेली दिसते. महाडकडच्या पावसाळी हवेत तर ही काळजी फार घ्यावी लागते. जाणता कारागीर चकती आधी जाडसर कातून ठेवतो, ती सावलीत वाळू देतो आणि मगच तिला अखेरचा आकार देतो.

हा आकार देताना चकतीच्या वरच्या बाजूला एक ठोकळा चिकटवतात आणि तो ठोकळा लेथच्या फिरत्या तबकडीवर स्क्रूंनी बसवतात. त्यामुळे चकतीला छिद्रे पडत नाहीत. मग गोल धारेच्या पटाशीने तळाची बाजू कोरून पोकळ करतात आणि काठ जाड ठेवतात. वजन काठाकडे असले, म्हणजे फिरकी अधिक वेळ टिकते. यानंतर ठोकळा काढून चकती उलटी करतात, दुसऱ्या फळीत कातलेल्या खाचेत तिचा काठ घट्ट बसवतात आणि पाठ किंचित फुगीर कातून घेतात.

खरी कसोटी येथेच आहे. उलटी बसवताना चकती थोडीशी जरी सरकली, तरी तळाचे मध्य एकीकडे आणि पाठीचे मध्य दुसरीकडे, अशी स्थिती होते. चकती एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ राहते. डोळ्यांना हा दोष दिसत नाही. परंतु हवेत गेल्यावर ती थरथरू लागते. म्हणून तयार चकती खिळ्याच्या डोक्यावर मधोमध टेकवून पाहतात. ती छत्रीसारखी सरळ राहिली, तर तोल बरोबर आहे. एक बाजू झुकली, तर ती बाजू काचकागदाने घासावी आणि पुन्हा पाहावे. शेवटी जवसाचे तेल चोळतात, म्हणजे लाकडात दमट हवा लवकर शिरत नाही.

एवढे करूनही लाकडी चकती दगडावर आपटली, तर तंतूंच्या रेषेत चिरण्याचा संभव असतो. शिवाय तिचा काठ कठीण असतो. म्हणून ती माणसांपासून दूर, मोकळ्या जागीच फेकावी. तसेच लेथ हे वेगाने फिरणारे यंत्र आहे. जाणत्या माणसावाचून मुलांनी त्याला हात लावू नये.

चकती फेकणाऱ्याच्या हातात ती क्षणभरच असते. पाहणारे त्याच्या मनगटाचे कौतुक करतात, आणि ते योग्यही आहे. परंतु जी चकती कातताना आपल्या मध्यापासून ढळली, तिला कितीही जोराने फेकले तरी ती सरळ जात नाही. हवेत दिसणारा तिचा तोल, कारागिराने लाकूड वाळण्याची वाट पाहिली आणि खिळ्यावर ती पुन्हा पुन्हा पारखली, तेव्हाच ठरलेला असतो.