आधीचं विसरायचं का? अरुणा साईराम यांच्या गाण्यातून मिळालेलं उत्तर

आज अरुणा साईराम यांच्या गाण्याबद्दल बोलायचं आहे. पण आधी माझी अडचण सांगते, कारण तिच्यामुळेच मी या विषयाकडे वळले.

लहानपणी मी हिंदुस्थानी गाणं शिकले. लग्नानंतर चेन्नईला आले आणि इथल्या एका बाईंकडे कर्नाटक संगीत शिकू लागले. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "आधीचं सगळं विसरून या." दोन वर्षं मी प्रामाणिकपणे विसरायचा प्रयत्न केला. जुनं जाईना आणि नवं गळ्यात बसेना. गाणं सोडून द्यावं, इथवर मी आले होते.

अडचण नेमकी कुठे होती? कर्नाटक तोडीचे स्वर आपल्या भैरवीचेच आहेत. पेटीवर वाजवले तर पट्ट्या त्याच लागतात. पण तोडी ऐकताना भैरवी आठवतही नाही, कारण इथे गमक हा स्वरावर चढवलेला दागिना नसतो. तो हललेला, वळलेला आकार म्हणजेच स्वर. मी सरळ गंधार लावायचे आणि बाई मान हलवायच्या.

त्याच सुमारास मी अरुणाताईंचं गाणं लक्ष देऊन ऐकू लागले. त्यांचा जन्म 1952 चा, मुंबईतला. घर तमिळ, शहर मराठी. पहिल्या गुरू म्हणजे आई, राजलक्ष्मी सेतुरामन. घरी गवयांची ये-जा असे. लहानपणीच त्यांना टी. बृंदा यांची तालीम मिळाली, आणि तिथून त्यांच्या गाण्याचा पाया पक्का झाला.

बृंदा म्हणजे वीणा धनम्माळ यांची नात आणि नर्तिका बालसरस्वती यांची मावसबहीण. या घराण्याची ओळख म्हणजे क्षेत्रय्यांची तेलुगू पदं. पदाची लय इतकी संथ असते की एकेका अक्षरावर गमकांचं बारीक काम चालतं आणि घाईला जागाच उरत नाही. हे कागदावर उतरत नाही. गुरूंनी गायचं, शिष्याने गायचं, चुकलं की पुन्हा. 1976 साली बृंदांना म्युझिक अकॅडमीचा 'संगीत कलानिधी' हा सन्मान मिळाला.

इतकी बळकट तालीम मिळाल्यावर दुसरीकडे पाहायची गरज काय, असं वाटेल. पण अरुणाताई शिकतच राहिल्या. पल्लवी गाण्यासाठी, म्हणजे एकच ओळ तालाच्या हिशेबात निरनिराळ्या तऱ्हांनी फुलवण्यासाठी, त्यांना टी. आर. सुब्रमण्यम यांचं मार्गदर्शन मिळालं. वैणिक के. एस. नारायणस्वामी यांच्याकडून वीणेच्या अंगाची गमकं मिळाली. पुढे, नाव झाल्यावरही, यूजीन राबीन या पाश्चात्त्य आवाज-शिक्षकांकडे जाऊन त्यांनी स्वतःचा आवाज नव्याने तपासला. बृंदांचं गाणं जपायचं म्हणजे बृंदांचा आवाज काढायचा नव्हे, हे मला इथे उमगलं.

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. कर्नाटक कचेरीत वर्णम, कृती, मग मुख्य राग आणि तनि आवर्तनम म्हणजे मृदंगाचं स्वतंत्र वादन, असा क्रम असतो. शेवटी हलक्या रचना येतात, त्यांना 'तुक्कडा' म्हणतात. हा साचा अरियक्कुडी रामानुज अय्यंगार यांनी रूढ केला. या तुक्कडाच्या जागी अरुणाताई अभंग गातात. विठ्ठलाचं नाव येताच मराठीचा गंध नसलेलं सभागृह टाळ्यांचा ठेका धरतं. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा माझे डोळे भरून आले.

अभंग इथे परका नाही, हेही सांगायला हवं. तंजावरला 1676 च्या सुमारास मराठ्यांचं राज्य आलं आणि ते 1855 पर्यंत चाललं. त्या काळात मराठी कीर्तन तिथे रुजलं. एकोणिसाव्या शतकात तंजावर कृष्ण भागवतरांनी त्यातली साकी, दिंडी, ओवी आपल्या हरिकथेत घेतली. तमिळ घरांतल्या भजनपरंपरेत अभंग आजही गायले जातात. म्हणजे मुंबईतल्या मुलीच्या गळ्यातून चेन्नईला गेलेला विठ्ठल तिथे आधीपासून होताच.

2018 साली अरुणाताईही संगीत कलानिधी झाल्या. गुरूंना त्या सन्मानासाठी निवडलं गेलं, त्याला तेव्हा 42 वर्षं झाली होती.

मी काय केलं? बाईंना म्हटलं, "मला विसरता येत नाही. पण भैरवी आधी गाते, मग तोडी गाते. कुठे वेगळं होतं ते दाखवाल?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "गा." त्या दिवशी गंधार पहिल्यांदा थोडासा हलला. त्यांचं 'विसरा' म्हणजे 'हाताशी असलेलं लगेच वापरू नका' असं असावं, हे मला आता कळतं.

तुम्हीही हे करून पाहा. अरुणाताईंचा अभंग तुम्हाला लगेच आवडेल. पण आधी त्यांनी गायलेलं एखादं क्षेत्रय्यांचं पद ऐका, आणि मग अभंगाकडे या. अभंगातल्या लांब सुरात बृंदांची तालीम ऐकू येते का, ते मला जरूर कळवा.