चेन्नईचे ट्रेकर आणि कुरंगणीचे गवत

चेन्नईत डोंगर नाहीत, डोंगरवेडे मात्र भरपूर आहेत. मांबलम स्थानकाच्या पूर्वेला उतरले की रंगनाथन स्ट्रीटची गर्दी आणि टी. नगरचा बाजार लागतो. पश्चिमेला उतरले की वेस्ट मांबलम: आर्य गौडा रोड, अयोध्या मंडपम, देवळांच्या वाटेवर फुले विकणाऱ्या बायका आणि जुन्या घरांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारती. सगळे सपाट. जवळची टेकडी म्हणजे सेंट थॉमस माउंट, तमिळमध्ये परंगीमलै. तिची उंची तीनशे फुटांच्या आसपास, आणि वर जायला पायऱ्या. पुण्याचा माणूस पहाटे सिंहगड चढून कामावर वेळेत पोचतो, मुंबईचा माणूस पाठीवर सॅक टाकून कर्जत लोकल धरतो. वेस्ट मांबलमच्या माणसाला मात्र खरा डोंगर हवा असेल तर निम्मी रात्र रस्त्यावर काढावी लागते. पुष्कळदा राज्याची हद्दही ओलांडावी लागते, कारण शहराला त्यातल्या त्यात जवळ असलेले नागलापुरमचे डोंगर आंध्र प्रदेशात येतात.

तिथला ट्रेकिंग क्लब महाराष्ट्रातल्या क्लबांपेक्षा वेगळा का घडला, याचे उत्तर या अंतरात आहे. सह्याद्रीत एकट्याने किंवा दोघातिघांनी गडावर जाता येते. एसटी असते, पायथ्याच्या गावात कोणी ना कोणी जेवण करून देतो. चेन्नईहून निघायचे तर आधी गाडी हवी, गाडीचा खर्च वाटून घ्यायला माणसे हवीत, आणि वाट माहीत असलेला एक तरी हवा. अनोळखी माणसांना एका गाडीत बसवणे हे तिथल्या क्लबचे पहिले काम ठरले.

चेन्नई ट्रेकिंग क्लब २००८ साली सुरू झाला. नोकरीनिमित्त चेन्नईत आलेल्या पीटर व्हॅन गाइट या बेल्जियन गृहस्थांनी तो सुरू केला. सभासद फी नाही, पगारी माणूस नाही, नफा नाही. हिशेब सरळ टीटीएमएमचा, म्हणजे ‘तुझे तू, माझे मी’चा: डिझेल, तांदूळ, भाजी यांची बेरीज करायची आणि डोकी मोजून भागायची. शहरात संगणक-उद्योगातल्या तरुण नोकरदारांची संख्या वाढत होती. शनिवार-रविवारी करायचे काय, हा प्रश्न पडलेल्या हजारो मुलामुलींना इथे उत्तर मिळाले. ट्रेकिंगला पोहणे, धावणे, सायकल आणि समुद्रकिनाऱ्याची सफाई यांची जोड मिळाली. २०१५च्या डिसेंबरात चेन्नई पाण्याखाली गेली, तेव्हा क्लबचे स्वयंसेवक मदतीला उतरले. एरवी शनिवारची गाडी ठरवताना जमलेली माणसे त्या वेळी उपयोगी पडली. पैशाचा व्यवहार नसताना एवढ्या मोठ्या शहरात एवढी माणसे बांधून ठेवणे ही साधी गोष्ट नाही.

सह्याद्रीतला ट्रेक बहुधा गडावर संपतो. वर दरवाजा, टाके, एखादे देऊळ आणि इतिहास असतो. नागलापुरमचा ट्रेक पाण्याचा असतो. ओढ्याच्या पात्रातून दगडादगडांवर पाय टाकत वर जायचे, मध्ये खोल डोह लागले की सॅक कोरडी ठेवून पोहत पलीकडे जायचे. चढ फार नसतो. पण शेवाळलेल्या दगडावर एक पाय घसरला की घोटा गेला, आणि त्या घळीतून माणूस उचलून आणायला पाचसहा तास लागू शकतात.

म्हणून अशा गटातला सगळ्यांत महत्त्वाचा माणूस शेवटी चालतो. पुढच्याला वाट माहीत असते आणि त्याचे कौतुकही होते. शेवटच्याला माणसे माहीत असावी लागतात. कोण गेल्या तासाभरात बोलेनासा झाला, कोणाची पाण्याची बाटली दुपारीच रिकामी झाली, कोण नवे बूट घालून आल्यामुळे पंजावर चालतोय, हे त्याला दिसते. डोह ओलांडला की तो डोकी मोजतो, फाटा लागला की पुन्हा मोजतो. त्याच्या सॅकमध्ये स्वतःसाठी थोडे आणि दुसऱ्यांसाठी जास्त सामान असते: जादा टॉर्च, दोरी, शिटी, क्रेप बँडेज, मीठ-साखरेची पुडी. तो कोणाच्याही पुढे जात नाही, त्यामुळे गटाचा वेग खरे तर तोच ठरवतो. महाराष्ट्रातल्या चांगल्या संस्थांत हे काम वर्षानुवर्षे डोंगर चढलेल्या माणसालाच देतात. चेन्नईत दर आठवड्याला नवी माणसे आणि नवी गाडी, त्यामुळे अनुभव मुरायला वेळ कमी मिळतो. क्लब जितका वाढेल, तितका हा शेवटचा माणूस दुर्मीळ होत जातो.

क्लबच्या वाटा नागलापुरमपुरत्या नव्हत्या; त्यातली एक कुरंगणीची. कुरंगणी चेन्नईपासून जवळपास पाचशे किलोमीटर दूर आहे. तेनी जिल्ह्यातल्या बोडिनायक्कनूरच्या वर, पश्चिम घाटाच्या पायथ्याशी हे गाव वसले आहे. वर केरळचे मुन्नार आणि चहाचे मळे. इंग्रजांच्या काळात मुन्नारचा चहा कुंडला खोऱ्यातल्या छोट्या रेल्वेने घाटमाथ्यावर यायचा आणि तिथून रोपवेने खाली उतरायचा. रोपवेचे वरचे ठाणे ते टॉप स्टेशन. ते नाव अजून टिकले आहे. १९०२ साली तिथे एका रुळावर चालणारी गाडी होती, १९०८ साली तिची जागा अरुंद रुळांच्या रेल्वेने घेतली, आणि १९२४च्या महापुरात ती रेल्वे वाहून गेली. वाटा राहिल्या. त्यातलीच एक वाट कोळुक्कुमलैच्या उंच चहामळ्यावरून गवताच्या उतारांमधून कुरंगणीला येते.

११ मार्च २०१८ रोजी, रविवारी, या वाटेने दोन गट उतरत होते. एक चेन्नई ट्रेकिंग क्लबचा, त्यात बहुसंख्य मुली. महिला दिनाच्या निमित्ताने तो ट्रेक आखलेला होता. दुसरा गट ईरोड-तिरुपूरकडचा. उतारावर वणव्याने त्यांना गाठले. हवाई दलाची हेलिकॉप्टर आणि कमांडो मदतीला आले. काही जण जागीच गेले, काही पुढचे कित्येक दिवस भाजलेल्या अंगाने रुग्णालयात झुंजून गेले. मृतांचा आकडा वीसच्या वर गेला.

हे कसे घडले ते समजून घ्यायचे तर गवत समजून घ्यायला हवे. पावसाळ्यात डोक्याएवढे वाढलेले गवत मार्चपर्यंत वाळून काडी होते. त्यात गवती चहाच्या कुळातल्या जाती असल्या तर त्यांच्या पात्यांत तेल असते. सपाट जमिनीवर आग पुढच्या गवताला टेकून पेटते. चढावर तसे नसते. ज्वाळा उताराकडे झुकतात, वरचे गवत आधीच तापवून कोरडे करतात, आणि आग पोचते तेव्हा ते पेटायला तयार असते. वनाग्नीच्या अभ्यासकांचा ठोकताळा असा, की उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वरचा वेग साधारण दुप्पट होतो. माणसाचे उलटे असते. उतार वाढला की त्याचा वेग घटतो. सह्याद्रीत जिला आपण नाळ म्हणतो, तशी घळ असेल तर ती धुराड्यासारखी हवा वर ओढते. जीव घाबरला की पाय वर धाव घेतात किंवा आडोशासाठी घळीत शिरतात. या दोन्ही दिशा मरणाच्या आहेत.

अमेरिकेत माँटाना राज्यातल्या मान गल्च नावाच्या घळीत ५ ऑगस्ट १९४९ रोजी असेच झाले होते. विमानातून उतरलेल्या आग विझवणाऱ्या जवानांवर खालून गवताची आग चालून आली आणि तेरा जण मेले. त्यांचा प्रमुख वॅग्नर डॉज वाचला. त्याने आपल्या पुढ्यातले गवत स्वतःच पेटवले आणि जळून गेलेल्या राखेत तो पालथा पडून राहिला. मोठी आग दोन्ही बाजूंनी निघून गेली, कारण त्याच्याभोवती जाळायला काही उरलेच नव्हते. जळून काळी झालेली जमीन, उघडा कातळ, वाहता ओढा, नांगरलेले शेत: गवताच्या आगीत आसरा एवढाच. अंगावरच्या कपड्यांचीही गोष्ट आहे. ट्रेकिंगच्या दुकानात मिळणारा पॉलिस्टरचा टीशर्ट घाम लवकर वाळवतो, पण आगीत तो वितळून कातडीला चिकटतो. जाडसर सुती सदरा तिथे परवडला. कुरंगणीच्या परिसरातल्या गुराख्याला हे शिकवावे लागत नाही. मार्चमध्ये कोणत्या उतारावर पाऊल टाकायचे नाही, हेही त्याला ठाऊक असते.

कुरंगणीच्या घटनेनंतर वाद पेटला तो कागदाचा. क्लबकडे प्रवेशाची पावती होती. वनखात्याचे म्हणणे असे, की पावती एका वाटेची होती आणि गट चालला दुसऱ्या वाटेने. आग कोणी लावली, यावरही बोलणे झाले. सरकारने वरिष्ठ अधिकारी अतुल्य मिश्रा यांच्याकडे चौकशी सोपवली. चौकीवरची पावती म्हणजे आत जाण्याचे पैसे भरल्याची नोंद. पुढच्या खोऱ्यात गवत किती वाळले आहे, कुठे धूर दिसला आहे, हे ती सांगत नाही. शहरातून रात्रभर प्रवास करून आलेला गट पहाटे चौकीवर पोचतो, पावती घेतो आणि आता आपण रीतसर आहोत असे समजतो. हा समज सर्वांत घातक.

तमिळनाडूने २०१८ मध्येच जंगलातल्या ट्रेकिंगसाठी नियम केले: वाटा ठरलेल्या, गटाची संख्या ठरलेली, परवानगी आधी घ्यायची. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने ‘ट्रेक तमिळनाडू’ ही योजना आणली. राज्यभरातल्या चाळीस वाटा, त्यांच्या सोप्या-मध्यम-कठीण अशा प्रती, ऑनलाइन नोंदणी, आणि प्रत्येक गटाबरोबर त्याच परिसरातला प्रशिक्षित मार्गदर्शक. मार्गदर्शकांत जंगलालगतच्या गावांतले आणि आदिवासी तरुण आहेत. या योजनेतली सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट हीच. शहरी क्लबला पंधरा वर्षांत जे शिकता आले नसते, ते या तरुणाने लहानपणी गुरे राखताना शिकलेले असते. शिवाय आगीच्या हंगामात, फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, वाटा बंद ठेवतात.

अडचणी मात्र संपलेल्या नाहीत. चाळीस वाटा ठरल्या म्हणजे बाकीच्या डोंगरांवर पाय ठेवता येत नाही, आणि नकाशा हातात घेऊन नवी वाट शोधणे हा जो क्लबचा प्राण होता, त्याला जागाच उरत नाही. टीटीएमएमवर डोंगर पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ठरलेले शुल्क जड जाते. स्वयंसेवकाचे काम गाडी ठरवण्यापुरते उरले, तर शेवटी चालणारा माणूस घडणार कुठे?

महाराष्ट्रातही हा पेच आहे. २०१८चा शासन निर्णय आणि ऑगस्ट २०२१चे साहसी पर्यटन धोरण यांनी नोंदणी, प्रशिक्षित प्रशिक्षक आणि सुरक्षा-साहित्य यांच्या अटी घातल्या. व्यवसाय म्हणून झिपलाइन किंवा पॅराग्लायडिंग चालवणाऱ्यांना अटी हव्यातच. पण दरवर्षी पोरांना वर्गणीवर प्रस्तरारोहण शिकवणारी जुनी संस्था आणि तिकीट काढून माणसे नेणारा व्यावसायिक यांना एकाच दावणीला बांधले, अशी हरकत गिर्यारोहण संस्थांनी घेतली. ती रास्त आहे. चेन्नईच्या अनुभवातून मात्र दुसरी बाजूही दिसते: नफा न घेणे म्हणजे जबाबदारी नसणे नव्हे, आणि मृत मुलीच्या आईवडिलांसमोर हा फरक उभाच राहत नाही.

सगळ्यांत अवघड प्रश्न श्रद्धेचा आहे. कोईमतूरजवळच्या वेळ्ळियंगिरीच्या सात डोंगरांवर शिवाच्या दर्शनाला हजारो लोक हातात बांबूची काठी घेऊन चढतात. ही यात्रा फेब्रुवारी ते मे या महिन्यांतच चालते, म्हणजे ऐन आगीच्या हंगामात. ट्रेकरला वाट बंद असते तेव्हा यात्रेकरूला ती उघडी असते. वनखात्याचे कर्मचारी पायथ्याशी सामान तपासतात, आणि डोंगरावर गर्दी वाढतच राहते.

महाराष्ट्रात वनखाते वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरते. त्याआधीच वनमजूर जंगलाच्या कडेने जाळरेषा काढतात, म्हणजे ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातले गवत कापून, जाळून टाकतात, की आग तिथवर आली तर पुढे जायला तिला काही मिळू नये. त्याच चार महिन्यांत शाळांच्या सुट्ट्या लागतात, आणि क्लबांची उन्हाळी शिबिरे भरतात.