तलवारीमागून दप्तर

कळंबच्या चिंतामणीच्या दर्शनाला आपल्यापैकी बहुतेकजण जाऊन आले असतील. पण हे गाव एके काळी मोगलांच्या एका 'सरकार'चे, म्हणजे सुभ्यातील एका मोठ्या विभागाचे, ठाणे होते हे थोड्यांच्याच ध्यानी असते. १५९६ साली चांदबिबीने तहात वऱ्हाड प्रांत मोगलांना तोडून दिला. प्रांत मिळाला, तो राखावयाचा कसा?

हाच प्रश्न पाचशे वर्षांपूर्वी नॉर्मंडीच्या विल्यमपुढे उभा होता. १०६६ साली हेस्टिंग्जच्या लढाईत त्याने इंग्लंडचा राजा हॅरॉल्ड याला पाडले. त्याची माणसे काही हजार, प्रजा लाखांनी. त्याने ठिकठिकाणी मातीचे उंचवटे रचून त्यांवर लाकडी गढ्या बांधल्या, उत्तरेत बंड होताच गावे आणि धान्य जाळले, आणि जुन्या सरदारांच्या जमिनी काढून लष्करी चाकरीच्या अटीवर आपल्या लोकांना वाटल्या. १०८६ साली मुलखाची मोजदाद झाली, तिचे दप्तर 'डूम्सडे बुक' या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात बड्या जमीनदारांमध्ये इंग्रज नावे बोटांवर मोजण्याइतकीच उरलेली दिसतात. एक बैल, एक गाय, एक डुक्करही नोंदीतून सुटले नाही, असे एका तत्कालीन इंग्रज बखरकाराने चिडून लिहून ठेवले आहे.

अबुल फजलनेही 'ऐन-ई-अकबरी'त कळंबच्या म्हशी नोंदवल्या आहेत! शेजारच्या चांद्याच्या गोंड राजाचे घोडेस्वार आणि पायदळही तो विसरलेला नाही. पण आम्हांस त्याची दुसरीच एक नोंद मोलाची वाटते. उत्तरेत ज्याला चौधरी म्हणतात त्याला इकडे देशमुख म्हणतात, कानुगोला देशपांडे, मुकादमाला पाटील आणि पटवाऱ्याला कुळकर्णी, असे तो सांगतो. म्हणजे मोगलांनी ही माणसे उखडली नाहीत. त्यांची नावे शिकून घेतली.

यात औदार्य नव्हते, गरज होती. विल्यमचा सरदार मिळालेल्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या बसला. मोगल जहागीरदाराला मात्र जमीन नव्हे, केवळ तिचा वसूल मिळे, आणि काही वर्षांतच त्याची बदली होई. कोणते शेत कोणाचे, कोणते पडीत, कोणाकडे किती बाकी, हे त्याला कोण सांगणार? ते सारे देशपांड्याच्या रुमालात बांधलेले! तेव्हा जुन्यांचेच हक्क चालू ठेवणे भाग होते.

पुढे निजामाचा अंमल आला, त्यावर भोसल्यांचा आला, आणि वऱ्हाडात दुअंमली माजली. धनी दोन झाले, तरी वसूल गोळा करणारे हात बरेचसे तेच राहिले. या व्यवस्थेत देशमुखाला स्थैर्य लाभले खरे, पण कुणब्याला वरच्या धन्याखेरीज देशमुखाचा हक्कही भरावा लागे, हे विसरून चालणार नाही.

हा डाव मोडला इंग्रजांनी. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड त्यांच्या हवाली केले. १८६१ पासून मुंबई इलाख्याच्या पद्धतीने मोजणी सुरू झाली. साखळी धरून शेत मोजायचे, त्याला नंबर द्यायचा, आणि आकार थेट कसणाऱ्याच्या नावे लावायचा, अशी ती रीत. सरकारचे स्वतःचे दप्तर तयार होताच देशमुखाच्या रुमालाची गरज सरली. त्याला हक्कांच्या मोबदल्यात नेमणूक बांधून मिळाली, आणि वसुलाचे काम पाटील व पटवारी यांच्यामार्फत तहसील कचेरीकडे गेले.